मिश्रवंशीय मुलांशी त्यांच्या रंगाविषयी केव्हा आणि कसे बोलावे?

आपली पत्नी नायजेरियाची आहे, मुलगी सहा वर्षांची व मुलगा चार वर्षांचा आहे, आपण सर्व जण निपाणीला कायमचे राहायला येत आहात, आणि मुलांशी रंगाविषयी आपणहून बोलावे की ती विचारेपर्यंत थांबावे, असा आपला प्रश्न आहे. माझे माहेर खानापूर तालुक्यातले मराठी आणि सासर हल्याळकडचे सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातले, त्यामुळे अनुभवाने सांगते की थांबू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला रंगातला फरक दिसतोच. आईवडील त्यावर गप्प राहिले, तर त्यात काहीतरी लपवण्यासारखे आहे, असे ते धरून चालते.

आपल्याकडे खरा त्रास होतो तो भावंडांच्या तुलनेचा. रंग एका जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांवर ठरतो आणि म्हणून एकाच आईवडिलांची मुले वेगवेगळ्या रंगांची होऊ शकतात. माझी मुलगी वडिलांच्या रंगावर गेली, मुलगा गव्हाळ निघाला. "पोरगं उजळ झालं बघ, पोरीचं तेवढं राहिलं," असे तिच्यासमोर म्हटले जाते आणि बाळंतपणात डाळीचे पीठ, हळद व साय नीट चोळली नाही, असा ठपका आईवर येतो. चोळण्याने मळ निघतो, रंग बदलत नाही, हे मी मुलीच्या देखत सांगते, कारण उत्तर पाहुण्यांपेक्षा तिला ऐकू जाणे अधिक आवश्यक असते. "विठ्ठलही सावळाच की," ही समजूत मात्र मला पटत नाही. तसे म्हणणारेच सोयरीक जुळवताना निमगोरी मुलगी शोधतात.

केवळ "तू सुंदर आहेस" एवढ्यावर थांबू नये. मुलांना दोन्ही घराण्यांची माहिती हवी. सिद्द्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीज व अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले, हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. तसेच आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून कवंदी, म्हणजे गोधडी, शिवते, तेव्हा तिच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुले' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाही, हेही त्यांनी शेजारी बसून पाहिले आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहूनही सिद्द्यांना "कोणत्या देशाचे?" असे विचारले जाते. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्द्यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश व्हायलाही 2020 साल उजाडले. आपल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना नायजेरियात आजोळ आहे. तिकडची भाषा योरुबा असो वा इग्बो, ती घरात बोलली जावी आणि आजीशी फोनवर बोलणे चालू राहावे. मराठी की कन्नड, हा प्रश्न सीमाभागातल्या मुलाला तसाही चुकत नाही, आणि आमची मुले तर दोन्ही भाषा बोलून मोकळी होतात.

केसांचे म्हणाल, तर कोरड्या कुरळ्या केसांत बारीक दातांची फणी घालू देऊ नका. केस ओलसर असताना तेल लावून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरावेत. हे शाळेच्या घाईआधी घरातल्या बायकांना दाखवून ठेवावे.

आणि निपाणीला पोहोचण्यापूर्वीच आपल्या आईवडिलांशी, मुले जवळ नसताना, स्पष्ट बोलून घ्यावे. ते पत्नीवर टाकू नये. सुनेने सांगितले तर ते उलट उत्तर ठरेल, मुलाचे मात्र ऐकून घेतले जाईल.