घणसोलीत पीएस5 पार्लर, कर्ज काढून आत्ताच टाकू का?

घणसोलीच्या एका मुलाने विचारलंय, ताई मी 28 चा, ऐरोलीत नोकरी, हातात 41 हजार येतात, स्टेशनजवळ 22 हजार भाड्याने गाळा बघितलाय, चार पीएस5 (सोनीचं गेम खेळायचं मशीन) लावून तासाला 80 रुपये घेणार, 5 लाखाचं पर्सनल लोन 14 टक्क्याने 3 वर्षांसाठी मिळतंय, डिपॉझिटला बाबांची एफडी मोडू, पण सोनीचे स्वतःचे गेमच पुढे धड येणार नसतील तर मशीन पडून राहतील का?

अरे, तुझी शंका हवेतली नाहीये. सोनीने मार्च 2026 पर्यंत 12 ऑनलाइन लाइव्ह सर्व्हिस गेम, म्हणजे नवीन भर घालत वर्षानुवर्षं चालू ठेवायचे गेम, काढायचं ठरवलं होतं, 2023 मध्येच तो आकडा 6 वर आणला, त्याच डिसेंबरला द लास्ट ऑफ अस चा ऑनलाइन गेम रद्द केला, कॉनकॉर्ड हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम तर 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंद, सगळ्यांचे पैसे परत. एकट्याने खेळायचा मोठा गेम वुल्व्हरिन 2021 ला जाहीर केला तो 2026 वर गेला. एवढी वर्षं आणि पैसा त्या ऑनलाइन नादात गेला की स्वतःचे मोठे गेम लांबणारच होते.

पण तुझ्या गाळ्यात बसून विचार कर ना, संध्याकाळी पाच वाजता कॉलेज सुटल्यावर चार पोरं येणार ती काय लावायला सांगणार? एफसी (फुटबॉल), टेकन (मारामारी), डब्ल्यूडब्ल्यूई (कुस्ती), म्हणजे समोरासमोर हरवायचे गेम, आणि यातला एकही सोनीचा नाही. सोनीचे गाजलेले गेम एकट्याने वीस-तीस तास खेळायचे, ते कोण तासाला 80 देऊन पूर्ण करेल? सोनीचं तुला उपयोगी पडेल ते गाड्यांच्या शर्यतीचं ग्रॅन टुरिझ्मो 7, त्यात स्क्रीन वाटून दोघं खेळतात, आणि लहान भावंडं आली तर सॅकबॉय. दोन्ही आधीच बाजारात आहेत. म्हणजे सोनीच्या नव्या गेमची यादी आटली तरी तुझा गल्ला त्याच्यावर चालत नाही.

मला काळजी आहे ती दुसऱ्या हिशोबाची. 5 लाखाचा हप्ता साधारण 17,100, भाडं 22,000, एसी आणि टीव्हीचं लाइट बिल 8,000 धरू, तू नोकरीवर असताना बसायला मुलगा 12,000, इंटरनेट हजार, कंट्रोलर दुरुस्ती आणि नवीन डिस्क 4,000. झाले 64,100. भागिले 80 म्हणजे महिन्याला 801 तास, चार मशीन, तीस दिवस, प्रत्येक मशीन रोज पावणेसात तास भरलेलं पाहिजे, तेव्हा कुठे तू शून्यावर येतोस!! आणि गर्दीची वेळ चार ते दहा, म्हणजे सहाच तास, त्यात परीक्षेचे महिने आणि पावसाळा. कमी पडलेले पैसे तुझ्या 41 हजारातून जाणार, घर कशावर चालवशील?

अजून एक, पीएस5 च्या सिस्टिम सॉफ्टवेअरचा करार वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, पार्लरवाले दुर्लक्ष करतात, पण कर्ज काढून धंदा उभा करताना हे माहीत असायलाच हवं. पोलीस स्टेशन आणि महापालिकेत परवानगीचं आधी विचार, गाळ्याचा करार त्यानंतर.

मशीन जुनी होण्याचं म्हणशील तर पीएस4 2013 ला आला, पीएस5 2020 ला, पुढचं कधीतरी येणारच, म्हणून मशीनची किंमत तीन वर्षांत वसूल झाली पाहिजे असंच धर. पीएस4 च्या बहुतेक डिस्क पीएस5 वर चालतात, त्यामुळे डिस्कचा पैसा लगेच बुडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, हे लोन घेऊ नकोस. बाबांची एफडी तर अजिबात मोडू नकोस, ती त्यांच्या म्हातारपणाची आहे. खरंच मनात असेल तर महिना 12 हजार आरडीत टाक, वर्षात दोन पीएस5 चे पैसे होतात, आणि तोवर एखाद्या चालू सायबर कॅफेवाल्याशी बोल, त्याच्या जागेत दोन मशीन, कमाईत वाटा, म्हणजे 22 हजार भाडं डोक्यावर नाही.

आणि या महिन्यात एवढं कर, कोपरखैरणे आणि ऐरोलीतल्या पार्लरमध्ये सोमवार ते गुरुवार संध्याकाळी जाऊन दर तासाला किती टीव्ही चालू आहेत ते वहीत लिही, रविवारचा आकडा वेगळा ठेव, आणि ती वही मला पाठव.