सोलापुरातल्या ६८ लिंगांमुळे पडलेला प्रश्न: ६८ या संख्येत गणिताच्या दृष्टीने काही खास आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मी सोलापूरचाच. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापन केली, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, यण्णीमज्जनाला, मानाच्या सात काठ्या (नंदीध्वज) निघतात आणि या सगळ्या लिंगांना तैलाभिषेक होतो. ‘अडुसष्ट तीर्थे’ हा आकडा तर आपल्या परंपरेत जुनाच. तो गणितातून आला असे म्हणायला मला काही आधार दिसत नाही. पुढचे सगळे ६८ या संख्येचे स्वतःचे गुण.

किरकोळ आधी उरकतो. ६८ = ४ × १७. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती मांडता येते: ६४ + ४. ‘पाय’च्या (π = ३.१४१५…) दशांश विस्तारात ०० ते ९९ या जोड्या शोधत गेलात, तर सगळ्यात शेवटी सापडते ती ६८, थेट ६०५ व्या आणि ६०६ व्या स्थानावर. गंमत आहे, पण ती आपण संख्या दशमान पद्धतीत लिहितो म्हणून.

खरी मौज मूळ संख्यांची. १७४२ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रातून एक अनुमान पुढे आले: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. ते आजही सिद्ध झालेले नाही. आता शेजारच्या संख्या बघा. ६६ ची अशी फोड सहा प्रकारे होते, ७० ची पाच प्रकारे. मधल्या ६८ ची फक्त दोन: ७ + ६१ आणि ३१ + ३७.

असे का, हे कागदावर करूनच बघा. ६८ ला ३ ने भागले की बाकी २ उरते. म्हणून जिला ३ ने भागून बाकी २ उरते अशी मूळ संख्या ६८ मधून वजा केली, की उत्तर ३ च्या पाढ्यात येते. ५, ११, १७, २३, २९ वजा केल्यावर ६३, ५७, ५१, ४५, ३९. पाचही एका फटक्यात बाद! २ वजा केले तर ६६, ३ वजा केले तर ६५, तेही गेले. निम्म्यापर्यंत, म्हणजे ३४ पर्यंत, उरल्या चारच: ७, १३, १९, ३१. त्यातही १३ ला जोडीला ५५ मिळतात आणि १९ ला ४९, म्हणजे ७ × ७. हे ४९ मला दरवेळी चुटपूट लावतात, कारण दिसायला अगदी मूळ संख्येसारखे.

बरोबर दोन प्रकारे फोड होणाऱ्या संख्या आहेत १०, १४, १६, १८, २०, २८, ३२, ३८ आणि मग एकदम ६८. त्यानंतरची एकही आजवर सापडलेली नाही. संख्या वाढते तशा मूळ जोड्याही साधारणपणे वाढत जातात, त्यामुळे पुढे अशी मिळेल असे कुणाला वाटत नाही. पण ६८ हीच शेवटची, हे सिद्ध करणे अजून कुणाला जमलेले नाही.

याच वाटेने आधी ९८ सोडवा, मग १२८. दोन्हींना तीन-तीनच जोड्या मिळतील.