चुंबकाजवळ काटे उभे राहणारं काळं द्रव गाडीच्या शॉकअपमध्येही असतं का? खेड्यातल्या शाळेत ते बनवता येईल का?

ती दोन वेगळी द्रवं आहेत. शॉकअपमधलं शाळेत नक्की दाखवता येतं.

काट्यांचं ते फेरोफ्लुइड. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये ते तयार केलं. अंतराळात टाकीत तरंगणारं इंधन चुंबकाने पंपाच्या तोंडाशी ओढून आणायचं होतं. फेरोफ्लुइडमधले मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या ऑक्साइडचे) कण १० नॅनोमीटरच्या आसपासचे, त्यामुळे ते तळाला बसतच नाहीत. काटे उभे राहिले तरी ते द्रवच असतं.

काही गाड्यांच्या शॉकअपमधलं एमआर फ्लुइड (मॅग्नेटोरिओलॉजिकल, म्हणजे चुंबकाने घट्टपणा बदलणारं) खरोखर घट्ट होतं. त्यात लोखंडाचे काही मायक्रॉनचे कण असतात, म्हणजे शेकडो पट मोठे. चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक कण स्वतःच चुंबक होतो, एकाला एक चिकटून साखळ्या बनतात आणि त्या तुटल्याशिवाय तेल हलत नाही. शॉकअपमधल्या विजेच्या चुंबकाची वीज बंद केली की काही मिलिसेकंदांत पुन्हा पातळ. जेकब रॅबिनोव यांनी अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे शोधलं, पण कारच्या शॉकअपमध्ये यायला २००२ उजाडलं.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे माझं लेथ-वेल्डिंगचं दुकान आहे. शाळेतली पोरं आली की मी हे हमखास दाखवतो. कानशीने घासलेला लोखंडाचा कीस मलमलच्या कापडातून चाळून घ्या. ग्राइंडरखालचा नको, त्यात दगडाची भुकटी आणि जळालेलं लोखंड असतं. प्लास्टिकच्या कपात थोडं खायचं तेल घ्या आणि वजनाने त्याच्या साडेतीनपट कीस घाला. एवढा कीस पाहून मन कचरतं, पण इथेच हात आखडला तर काही घडत नाही. नीट ढवळून कपाखाली जुन्या स्पीकरची चुंबकाची रिंग धरा आणि मिश्रणात निंबाची काडी रोवा. खिळा घेऊ नका, नाहीतर चुंबकाने खिळाच धरला असं पोरांना वाटेल. काडी ताठ उभी राहते. रिंग काढली की कलंडते, आणि पोरं लगेच म्हणतात, पुन्हा करा!

रिंग आधी पन्नीत गुंडाळा, कीस थेट चिकटला तर निघता निघत नाही. मिश्रण थोड्याच वेळात खाली बसतं, म्हणून दर वेळी ढवळा.

फेरोफ्लुइडच्या नादी मात्र वर्गात लागू नका. ते बनवायच्या नेहमीच्या पद्धतीत अमोनिया लागतो, त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट. त्यातलं मॅग्नेटाइट पाहायचं असेल तर पोरांना नाल्यावर न्या. आपल्याकडचा काळा खडक बेसाल्ट, त्यात ते असतंच. पन्नीतली रिंग कोरड्या रेतीतून फिरवली की काळे कण चिकटून येतात.