अन्न कसं पिकतं आणि शरीराची हालचाल, या विषयांवर मुलांकडून चित्रपुस्तकं कशी करून घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पुण्यातल्या शाळेत चौथीच्या मुलांना दोन चित्रपुस्तकं करायची आहेत, एक अन्ननिर्मितीवर आणि एक व्यायामावर. पण मुलं मोबाइलवरची चित्रं बघून उतरवतात आणि सगळ्यांची पुस्तकं सारखीच होतात.

माझं सांगणं असं की दोन पुस्तकं करूच नका, एकच करा. अन्न पिकवणाऱ्या, वाहणाऱ्या, रांधणाऱ्या माणसाचं अंग कसकसं हलतं, हाच त्या पुस्तकाचा विषय ठेवा.

मी मावळात शिकवते. आमच्याकडे भात. पहिल्या वर्षी मीही दोन वेगळी पुस्तकं करून घेतली होती. अन्नाच्या पुस्तकात दोन डोंगरांमधला सूर्य, ट्रॅक्टर आणि पागोटंवाला शेतकरी. व्यायामाच्या पुस्तकात डंबेल्स उचलणारा माणूस. आमच्या वाडीत डंबेल्स कुणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. आणि ही मुलं अशा घरांतली, जिथे जुलैत आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, सुरू झाली की आई अंधार पडल्यावरच घरी येते! एका मुलीने विचारलं, "बाई, आई दिवसभर वाकलेली असते, तो व्यायाम नाही का?" त्या प्रश्नातूनच पुढच्या वर्षीचं पुस्तक निघालं.

आता चित्रांबद्दल. उतरवलेलं चित्र थांबवायचं असेल तर कागद देण्याआधी ती कृती अंगाने करू द्या. आम्ही वर्गातली बाकं भिंतीला लावली, फरशीवर खडूने रेघा मारल्या आणि रोपांऐवजी काड्या दिल्या. आवणी करताना माणूस वाकून मागे मागे सरकतो. हे बघितलेलं सगळ्यांनी असतं, पण चित्रात हमखास पुढे चालणारी बाई येते. एकाने वाकून मिनिटभर तसंच राहायचं आणि जोडीदाराने त्याचा काडीमाणूस काढायचा. आधी फक्त ठिपके: मान, खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा. मग ठिपके जोडायचे. कपडे, इरलं, पाऊस हे सगळं नंतर. कंबर कुठे वाकली ते एकदा बरोबर पडलं की चित्र जिवंत होतं, मुलाचा हात कितीही कच्चा असो.

त्याच तासाला नाडी मोजायला शिकवा. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. आधी बसून, मग पाच मिनिटं वाकून काड्या लावल्यावर, मग पाच मिनिटं लंगडी खेळल्यावर. तीन आकडे, तीन चित्रं, एक पान. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही याच पानापाशी बोलता आलं. आवणीत कष्ट भरपूर आहेत, पण तासन् तास एकाच अंगस्थितीत राहिल्याने कंबर धरते. लंगडीत अंग सगळ्या बाजूंनी मोकळं होतं आणि दमलं की थांबता येतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटं खेळातून मिळावीत असं मला मनापासून वाटतं. मुलांनी शेतात राबावं असा अर्थ पुस्तकातून निघू देऊ नका.

माणसं काढायला बिचकणारी मुलं असतातच. त्यांना वरून दिसणारं शेत काढू द्या. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत रोपं आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटीमीटर अंतरावर लावतात, म्हणजे चार चुडांचा (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांचा) एक छोटा चौकोन होतो. त्या चौकोनाच्या मध्यभागी खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, हाताने ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची. आमच्या एका मुलाने पट्टी घेऊन हे पान इतकं नेमकं काढलं की त्याच्या वडिलांनी ते घरी मागून नेलं.

आमची मुलं जो इंद्रायणी तांदूळ खातात तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातच तयार झालेला, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. हे कळल्यावर मुलांना फार अभिमान वाटला, म्हणून त्यालाही एक पान दिलं. इर्जिकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांचं शेत करण्याला, मात्र समोरासमोरची दोन पानं लागतात. सगळी वाडी एकाच्या खाचरात उतरलेली, ते एका पानात मावत नाही.

कापणीनंतर झोडणी, उफणणी, कांडप. कांडपाच्या वेळी प्रत्येकाला भाताचे २० दाणे नखाने सोलायला दिले. १०० किलो भात गिरणीत घातलं तर साधारण ६५ ते ७० किलो तांदूळ हाती येतो. हा आकडा मुलांना नखं दुखल्यावर समजला. तूस आणि तांदूळ त्यांनी पानावरच चिकटवला.

तुमच्या मुलांना भातखाचर जवळ नसेल, तर ओढूनताणून शेत आणू नका. मार्केट यार्डात ५० किलोची गोणी पाठीवर घेणारा हमाल बघा: मान कुठे झुकते, पाऊल कसं पडतं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं, ते अंगमेहनत करणाऱ्यांना परवडेल असं जेवण मिळावं म्हणून. तुमचे दोन्ही विषय तिथे एकाच ताटात आहेत. भाकरी थापणारे हात घरोघरी आहेतच.

दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. शेतकरी म्हटलं की मुलं पुरुषच काढतात, आवणीत बहुतेक बाया असल्या तरी. "काल खाचरात कोण कोण होतं?" एवढंच विचारा, नावं घेता घेता चित्र बदलतं. आणि 'वडापाव खाणारा जाडा मुलगा' हे पान कुठल्याही पुस्तकात येऊ देऊ नका. वर्गातल्या एखाद्या मुलाला ते वर्षभर ऐकावं लागतं.

बांधणी सोपी आहे. ए-फोर आकाराचे चार ड्रॉइंग पेपर एकात एक दुमडले की १६ पानं होतात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडून गोधडीच्या दोऱ्याने शिवायचं. पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा. मजकूर चित्रांनंतर, पानाला एकच वाक्य, मूल घरी बोलतं त्या बोलीत.

पुस्तकं झाल्यावर घरच्यांना बोलवा आणि मुलांनाच वाचू द्या. आमच्याकडे एका मुलाच्या आजीने मध्येच थांबवलं. रोपांची मूठ त्याने उजव्या हातात दाखवली होती. "मूठ डाव्या हातात, लावायचं उजव्याने," म्हणत ती वर्गातच वाकून उभी राहिली. मुलाने तिच्याकडे बघत बघत हात खोडून पुन्हा काढला. ते पान खाडाखोडीसकट तसंच ठेवलंय.