मुलाला घरीच शिकवावे का? फोंड्याच्या एका आईच्या पत्राला उत्तर

फोंडा तालुक्यातील एका वाचक भगिनीने मला सविस्तर पत्र लिहिले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे मी केवळ आशय देते. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. घरात मराठी आणि कोकणी बोलली जाते. गेले वर्षभर शाळेच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखते, रविवारी मात्र दुखत नाही, आणि डॉक्टरांना तपासणीत काहीही आढळलेले नाही. फळ्यावरचे उतरवून घेताना तो मागे पडतो, म्हणून वर्गात त्याला ‘स्लो’ म्हटले जाते. हाच मुलगा गणेश चतुर्थीच्या आधी आजोबांबरोबर रानात जाऊन माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीला, लागणारी फळे नावानिशी ओळखतो आणि कुलागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीत, पाटाचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला वळवायचे तेही सांगतो. भगिनी घरून हिशेबाचे काम करतात आणि त्यांना मुलाला शाळेतून काढून घरी शिकवावेसे वाटते. यजमान वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीत काम करतात आणि ‘तुला योग्य वाटेल ते कर’ एवढे बोलून विषय संपवतात. सासूबाईंचे म्हणणे असे की शाळेत न जाणारा मुलगा माणसांत राहायला शिकणार नाही. ‘मी त्याचे भले करते आहे, की माझ्या काळजीपोटी त्याचे नुकसान करायला निघाले आहे?’ असा प्रश्न विचारून त्यांनी पत्र संपवले आहे.

ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत गृहशिक्षणाचा विचार योग्य दिशेचा आहे असे माझे मत आहे. मात्र त्याआधी पोटदुखीचे कारण पुरते समजून घ्या. शाळेच्या दिवशीच दुखणारे पोट हे खोटे बोलणे नसते. मुलाला ते खरोखर दुखते आणि त्यामागे बहुधा भीती असते. त्याला कोणी मारते का, चिडवते का, बसमध्ये किंवा मधल्या सुट्टीत काही घडते का, हे त्याच्याशी निवांतपणे बोलून काढून घ्या. त्याचे डोळे तपासा, कारण फळा नीट न दिसणाऱ्या मुलालाही वर्गात संथ ठरवले जाते. अक्षरे वाचताना किंवा लिहिताना त्याची विशेष ओढाताण होत असेल, तर तो अध्ययन अक्षमतेचा भाग आहे का हे तज्ज्ञांकडून पाहून घ्या. बांबोळी येथील मनोविकार संस्थेत यासंबंधी विचारता येईल. तशी अडचण निघाली, तर ती घरी शिकवल्यानेही आपोआप नाहीशी होणार नाही. फरक एवढाच की घरी तिला पुरेसा वेळ देता येईल.

आणि वेळ हाच गृहशिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ आहे. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, आणि प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण घातले आहे. शिक्षिकेने हा सगळा वेळ मुलांना एकेकट्याने द्यायचे ठरवले, तरी एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात सत्तावीस तासही येत नाहीत. सामूहिक शिकवण्याचे स्वतःचे मोल आहे, ते मी नाकारत नाही. परंतु ज्या मुलाला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा, वेगळ्या रीतीने समजावून हवी असते, त्याच्यासाठी वर्गात जागाच उरत नाही, आणि त्यात शिक्षिकेचा दोष नसतो. तुम्ही रोज केवळ दोन तास त्याच्याजवळ बसलात, तरी तेवढ्याच दिवसांत चारशे तास होतात. भागाकार कळायला त्याला तीन आठवडे लागले तर लागू द्यावेत, आणि जे त्याला आधीच येते त्यावर एक दिवसही खर्च करू नये. अशी मोकळीक कोणत्याही वर्गाला परवडत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगा. घरी शिकवू लागलेले पुष्कळ पालक पहिल्याच महिन्यात वेळापत्रक भिंतीवर लावतात, सकाळी नऊ ते दुपारी दोन तासिका घेतात आणि मूल कंटाळले की रागावतात. तसे केल्यास शाळेचा जाच तेवढा घरात येईल आणि शाळेतली मुले मात्र येणार नाहीत. शाळा सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे अभ्यासाचा आग्रहच धरू नका. त्याला झोपू द्या, कुलागरात जाऊ द्या. ‘आपल्याला येत नाही’ ही त्याच्या मनातली समजूत सैल झाल्याशिवाय कोणतेही पुस्तक उघडून उपयोग नाही.

दुसरा लाभ भाषेचा आहे, आणि आपल्या गोव्यात त्याचा विचार फार कमी केला जातो. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून २०११ पासून येथे किती वाद झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वादात मूल नेमके कोणत्या भाषेत विचार करते हा प्रश्न मागेच राहिला. तुमचा मुलगा घरात मराठी-कोकणीत बोलतो, झाडांची नावे त्याच भाषांत जाणतो आणि शाळेत मात्र त्याच गोष्टी इंग्रजीतून पाठ करतो. फळ्यावरचे उतरवण्यात तो मागे पडतो याचे एक कारण हेही असू शकते की ज्या शब्दांचा अर्थ त्याला लागलेला नाही, ते शब्द तो अक्षर-अक्षर पाहून चित्रासारखे उतरवत असेल. पाचवीपर्यंत शक्य तेथे शिक्षण मातृभाषेतून असावे असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणते. घरी तुम्हाला यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गणित आणि परिसर अभ्यास मराठीतून शिकवा आणि इंग्रजी ही एक भाषा म्हणून, गोष्टी व संभाषण यांच्या आधाराने वेगळी शिकवा. इंग्रजी सोडून मात्र देऊ नका. पुढे ती त्याला लागणार आहे.

तिसरा लाभ तुमच्या पत्रातच लिहिलेला आहे, फक्त तुम्ही त्याला अभ्यास म्हटलेले नाही. माटोळीतल्या कवंडाळापासून आंबाड्यापर्यंतची रानफळे ओळखणारा मुलगा वनस्पतिशास्त्राच्या उंबरठ्यावर उभा आहे. कोणते फळ कोणत्या महिन्यात धरते, ते वेलीवर येते की झाडावर, कोणते खाण्याचे आणि कोणते केवळ शोभेचे, हे त्याने वहीत लिहावे आणि चित्रे काढावीत. पाटाच्या पाण्याच्या पाळीत कालमापन आहे, उतार आहे, वाटपाचे गणित आहे. तुमच्याच तालुक्यात दुर्भाट आणि शिरोड्याच्या बाजूला खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, आहे. भरती-ओहोटीबरोबर मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या वाटेची, दारे कशी मिटतात आणि उघडतात हे तेथे एकदा उभे राहून पाहिलेल्या मुलाला चंद्र आणि समुद्र यांचा संबंध वेगळा पाठ करावा लागत नाही. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे प्राचीन प्रस्तरशिल्पे आहेत, तांबडी सुर्ल येथे कदंबकालीन देऊळ आहे, आणि पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ पासूनचे आहे. शाळा ही स्थळे वर्षातून एका सहलीत उरकते. तुम्ही एका जागी दिवसभर थांबू शकाल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ शकाल.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण तुम्हाला या प्रसंगी कोणीतरी नक्की सांगेल. १८७६ मध्ये जन्मलेल्या या गोमंतकीयाला शालेय शिक्षण फारसे मिळाले नव्हते, तरी ते पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक झाले आणि हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले, हे खरे आहे. परंतु त्यांचे आयुष्य नीट पाहिले तर ते घरी बसून शिकले नाहीत. ते गुरू शोधत पुणे, काशी, नेपाळ आणि सिंहलद्वीप असे हिंडले. म्हणून या उदाहरणातून मी तुम्हाला एवढेच घ्यायला सांगेन की सारे काही आईलाच यायला हवे अशी अट स्वतःला घालू नका. हिशेब तुम्हाला उत्तम येतात, तेव्हा गणित तुम्ही घ्या. शेती आजोबांकडून येऊ द्या. तबला, पेटी, चित्रकला यांसाठी गावातले जाणते लोक शोधा. एखादा विषय तुम्हाला जमत नसेल, तर त्यासाठी शिकवणी लावण्यात कमीपणा नाही.

आता कायदा आणि परीक्षा. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याचे दहावे कलम सांगते, परंतु पालकांना शिक्षा त्यात सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाचा उल्लेख कायद्यात कोठेही नाही. देशात अनेक कुटुंबे याच स्थितीत मुलांना घरी शिकवत आहेत. तुम्हाला दिलासा देणारे कलम चौथे आहे: शाळेबाहेर असलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्यात आहे. म्हणजे वर्षभरानंतर तुमचा बेत फसला, तर परतीचे दार उघडे आहे. शाळा सोडल्याचा दाखला रीतसर घ्या, जन्मदाखला आणि प्रगतिपुस्तके जपून ठेवा, आणि घरी केलेल्या अभ्यासाची तारीखवार नोंद ठेवा.

दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे मानले जाते. तिच्या प्राथमिक टप्प्यावर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. दहावीच्या परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच विषय घ्यावे लागतात, आणि एकाच वेळी सगळे विषय देण्याची सक्ती नाही: नोंदणी पाच वर्षे टिकते आणि उत्तीर्ण झालेले विषय साठत जातात. विषयांत चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र असेही पर्याय आहेत, आणि दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. पुढे त्याला विज्ञानाकडे जायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र ठेवायला विसरू नका.

सासूबाईंची भीती मला निराधार वाटत नाही. एकुलते एक मूल दिवसभर घरात आणि भोवती केवळ मोठी माणसे, ही स्थिती मुलाला खरोखरच एकटे पाडते. त्यावर त्यांच्याशी वाद घालू नका, व्यवस्था करा. संध्याकाळी वाड्यावरच्या मुलांबरोबरचा खेळ चुकू देऊ नका, शाळेतल्या जुन्या मित्रांना घरी बोलवत राहा, बालभवनाचे जवळचे केंद्र पाहा, आणि जत्रेतल्या नाटकात किंवा देवळातल्या भजनात त्याला आवड असेल तर मोठ्यांमध्ये बसू द्या. त्यातच सासूबाईंना काम द्या. रोज अर्धा तास मराठी वाचन त्यांच्याकडून करून घेतले, तर मुलगा काय शिकतो आहे हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.

यजमानांच्या मौनाची मला अधिक काळजी वाटते. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ या वाक्यात संमती असते तशीच सुटकाही असते, आणि पुढे काही बिघडले तर सगळा दोष तुमच्यावर येईल. शांतपणे बसून दोन गोष्टी त्यांच्याकडून स्पष्ट करून घ्या. तुमचे हिशेबाचे काम कमी झाले, तर घरखर्च कसा चालेल, हे कागदावर मांडा. तुमची मिळकत पूर्ण सोडू नये असे मी आवर्जून सांगते, कारण मुलाच्या शिक्षणासाठी आईने स्वतःचे सगळे आयुष्य गुंडाळून ठेवले, की त्या त्यागाचे ओझे शेवटी मुलावरच पडते. दुसरे म्हणजे त्यांची सकाळची पाळी नसेल त्या आठवड्यात मुलाची सकाळ त्यांची. यंत्रे उघडणे, दुरुस्ती, मोजमाप, जे त्यांना येते ते त्यांनी शिकवावे. ते याला तयार नसतील, आणि तुम्हाला एकटीनेच हे ओढावे लागणार असेल, तर मी तुम्हाला गृहशिक्षणाऐवजी शाळा बदलण्याचा सल्ला देईन. जवळपास चांगली, लहान पटाची मराठी सरकारी प्राथमिक शाळा असेल, तर ती आधी जाऊन पाहा. तेथे मुले थोडी असतात आणि शिक्षिका प्रत्येकाला ओळखते.

तुमच्या पत्रात सर्वांची मते आहेत, मुलाचे नाही. त्याला दोन्ही वाटा समजतील अशा भाषेत सांगा, घरी शिकणे म्हणजे सुट्टी नव्हे हेही सांगा, आणि उत्तरासाठी घाई करू नका. चालू वर्ष संपेपर्यंत दाखला काढू नका. तोवर वर्गशिक्षिकेला भेटून ‘स्लो’ हा शब्द वर्गात थांबवण्याची मागणी करा आणि सुट्ट्यांमध्ये रोज दोन तास घरी शिकवून पाहा. मे महिन्यात तुम्ही, यजमान आणि मुलगा मिळून एका वर्षापुरता निर्णय घ्या, आणि पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा तपासा. त्या वेळी काय ठरले ते मला जरूर कळवा.