वडिलांच्या छातीतली जळजळ गॅसची की हार्ट अटॅकची? आणि निपाणीहून न्यायचं कुठं, कोल्हापूरला की बेळगावला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही नोकरीला पुण्यात, आईवडील निपाणीजवळच्या खेड्यात. वडील ६१ वर्षांचे, शुगर आहे, तंबाखू सुटत नाही. मागच्या आठवड्यात रात्री छातीत जळजळ झाली, दरदरून घाम आला, सोडा प्यायल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं. पुन्हा असं झालं तर ओळखायचं कसं आणि कुठं न्यायचं?

मी डॉक्टर नाही. निपाणीत माझं मेडिकल आहे. आपल्याकडे माणूस दवाखान्याच्या आधी मेडिकलात येतो, त्यामुळे 'गॅसची चांगली गोळी द्या' म्हणणारे चेहरे रोज समोर असतात. त्यातल्या कुणाला गोळी द्यायची आणि कुणाला खुर्ची देऊन घरच्यांना फोन लावायचा, हे हळूहळू कळायला लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे 'पुन्हा झालं तर' याची वाट बघू नका. साठीतला, शुगर असलेला, तंबाखू खाणारा माणूस. छातीत त्रास आणि सोबत घाम. एवढ्यावर उद्याच ईसीजी काढायला हवा, आणि पुढं काय तपासायचं ते फिजिशियन सांगतील. सोड्यानं बरं वाटलं याला काही अर्थ नाही. हृदयाची नळी अरुंद झाली की दुखणं येतं आणि थोडं बसल्यावर आपोआप जातंही. नेमका त्याच वेळी सोडा पोटात गेला, ढेकर आला, की श्रेय सोड्याला मिळतं. चढ चढताना किंवा शेतातनं ओझं आणताना छाती भरून येते आणि थांबलं की मोकळी होते, असं अलीकडं होतंय का, हे आईला विचारा. वडील स्वतःहून सांगणार नाहीत.

आता ओळखायचं कसं. सिनेमात दाखवतात तसा छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस क्वचितच दिसतो. बहुतेक जण 'दुखतंय' असंही म्हणत नाहीत. 'छातीत कसंतरीच व्हायलंय', 'कुणी तर दाबून धरल्यागत वाटतंय', 'आवळल्यागत होतंय' अशी भाषा असते. जागा विचारली तर एका बोटानं टोक दाखवत नाहीत, अख्खा तळवा छातीच्या मधोमध ठेवतात. तिथून ते डाव्या हातात उतरतं, कधी दोन्ही हातांत, कधी मानेत, जबड्यात, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये. पोटाच्या वरच्या भागात, बेंबीच्या वर आलं की सगळ्यांना ते गॅसच वाटतं. सोबत गार घाम, दम लागणं, मळमळ किंवा उलटी, चेहरा पांढरा पडणं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक अडचण जास्तीची आहे. जुन्या शुगरमुळे नसा बधिर होऊ शकतात, मग कधीकधी छातीत फारसं दुखतच नाही. नुसता दम लागतो, अंगातलं बळ गेल्यासारखं होतं, घाम फुटतो. घरचे म्हणतात शुगर उतरली असेल, साखर द्या. ग्लुकोमीटर असेल तर एका मिनिटात कळतं. शुगर ठीक असूनही घाम आणि दम असेल तर हृदयाकडंच बघायचं. बायकांचंही तसंच. एकदा विड्या वळणारी एक मावशी दाढेची गोळी मागायला आली होती, पन्नाशीची असेल. दाढ दुखतेय म्हणून दोन पायऱ्या चढताना एवढी धाप लागत नाही, आणि भर डिसेंबरात पदर भिजत नाही. तिला गोळी न देता ईसीजीला पाठवलं. अटॅकच होता. वेळेत गेली म्हणून आज पुन्हा विड्या वळते.

हे सगळं पाठ नाही झालं तरी चालेल. बसून आराम केल्यावरही पाच-दहा मिनिटांत थांबत नाही, किंवा सोबत घाम, दम, चक्कर यातलं काहीही आहे, तर अटॅक समजूनच हलायचं. नंतर गॅस निघाला तर बरंच झालं, ईसीजीचे पैसे गेले म्हणून कुणी गरीब होत नाही.

हलायचं म्हणजे काय? माणसाला आहे तिथं बसवायचं, पाठीला टेकू, गुडघे वाकवलेले, कपडे सैल. चालवायचं नाही, जिने उतरवायचे नाहीत, 'संडासला जाऊन आलं की मोकळं वाटेल' हे तर अजिबात नको. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात, तेही नको. १०८ ला फोन आईनं किंवा शेजाऱ्यानं करायचा. तुम्ही पुण्यातून १०८ लावला तर तो महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला लागेल, आणि गाडी हवी कर्नाटकातल्या खेड्यात. सीमेवर मोबाइल कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून आधी गाव, तालुका, जिल्हा सांगायचं आणि मग आजार. फोनवर कन्नड बोलणारं माणूस आलं तर 'एदे नोवु, बेग बन्नी' एवढं आईला नक्की जमेल: छातीत दुखतंय, लवकर या. गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर गावातली चारचाकी काढा, पण रुग्णाला स्वतः चालवू देऊ नका.

गाडी येईपर्यंत ॲस्पिरिन. साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून. इकोस्प्रिन ७५ (७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनच ती) घरात असेल तर चार गोळ्या. त्या गोळीवरचं आवरण ती पोटात उशिरा विरघळावी म्हणूनच दिलेलं असतं, त्यामुळे नुसती गिळली तर वेळ जातो, चावूनच खायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर, नुकताच कुठं रक्तस्राव किंवा आधी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर द्यायची नाही. वडिलांना चालते का, हे उद्याच्या भेटीत डॉक्टरांना विचारूनच ठेवा. सॉर्बिट्रेटचं, म्हणजे रक्ताच्या नळ्या सैल करणाऱ्या गोळीचं, मात्र वेगळं आहे. शेजारी कौतुकानं आपल्या डबीतली जिभेखाली ठेवायला देतात. बीपी आधीच खाली असेल तर माणूस त्यानं आडवा होतो. डॉक्टरांनी वडिलांच्या नावानं लिहून दिली नसेल तर नको. जोरजोरात खोकायचं, लाल मिरची पाण्यात कालवून प्यायची, हे व्हॉट्सॲपवरचे उपाय आहेत. वेळ खाण्यापलीकडं ते काही करत नाहीत.

आता कोल्हापूर की बेळगाव. इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. मामा म्हणतो कोल्हापूर, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. चुलता म्हणतो बेळगाव, तिकडं आपलं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड चालतं. अंगणात अर्धा तास यावर पंचायत बसते आणि रुग्ण बाजेवर घामाघूम. कोल्हापूर निपाणीहून साधारण चाळीस किलोमीटर, बेळगाव तवंदी घाट ओलांडून त्याच्या जवळजवळ दुप्पट. अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी आतून फुग्यानं उघडणं, दोन्हीकडं होते. पण तुमचा पहिला मुक्काम यातलं एकही शहर असायलाच हवं असं नाही. पहिला मुक्काम म्हणजे जिथं दहा मिनिटांत ईसीजी निघेल आणि तो वाचणारं कुणीतरी असेल.

कारण असं की अटॅकमध्ये हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी बसलेली असते आणि पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. मोठा अटॅक ईसीजीत दिसला आणि अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत दोन तासांत पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देऊन मग पुढं पाठवतात. टेनेक्टेप्लेज हे त्यातलं एक. बाजारात त्याची किंमत हजारोंत आहे. कर्नाटक सरकारनं डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत ते सरकारी रुग्णालयांत मोफत ठेवलंय. तिथं ईसीजी काढून मोठ्या केंद्रातल्या हृदयतज्ज्ञांकडं पाठवतात आणि त्यांच्या सल्ल्यानं इंजेक्शन देतात. पुनीत हे कन्नड नट, २०२१ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी अचानक गेले. त्यांच्या नावानं ही योजना आहे. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री ईसीजी होतो का, हे इंजेक्शन शिल्लक असतं का, पुढं कुठं पाठवतात. उत्तर 'हो' आलं तर पहिला थांबा ठरला. 'नाही' आलं तर सरळ महामार्ग धरून कोल्हापूर, वाटेतल्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावायला थांबायचं नाही.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. सुरुवातीच्या तासात तो कधीकधी नॉर्मलच दिसतो. थोड्या थोड्या वेळानं परत काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तपासतात. तेही वाढायला काही तास लागतात. त्रास सुरू असेल तर 'परत एकदा काढा' असं म्हणायला लाजू नका.

माणूस बेशुद्ध पडला, हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यागत श्वास घेतोय, तर जमिनीवर उताणा झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल, हात सरळ ठेवून. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, एक दमला की दुसऱ्यानं घ्यायचं. गावातल्या दोन तरण्या पोरांना हे आधी शिकवून ठेवता आलं तर बघा, आईच्या अंगात तेवढी ताकद नसणार.

तुम्हाला पुण्यात बसून करण्यासारखं एवढंच: उद्या सकाळची फिजिशियनची वेळ घ्या, चारचाकीवाल्या शेजाऱ्याला सांगून ठेवा, आणि वडिलांच्या चालू गोळ्यांची नावं, आधार आणि योजनेचं कार्ड एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावायला सांगा. उद्या ईसीजीत काही निघालं नाही तरी त्याचा कागद त्याच पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना जुना आणि नवा शेजारी धरून बघता येतो.