वाचकांचे प्रश्न : जिगसॉचं ब्लेड तिरपं का जातं?

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी दरवर्षी लाकडी नंदी करतो. यंदा हातकरवतीऐवजी जिगसॉ (विजेवर चालणारी, बारीक ब्लेडची करवत) घेतली. दीड इंची सागाच्या फळीवर बैल आखून कापला, तर वरून आकार बरोबर आणि खालून पाय दोन-दोन सूत बारीक. मशीन खराब निघाली का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : मशीन बहुतेक चांगलीच आहे, ब्लेड वाकतंय. जिगसॉचं ब्लेड फक्त वरून धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. वळणावर जरा रेटलं की ते टोक बाजूला सरकतं. तुमची नजर वरच्या रेघेवर असते, म्हणून वरचा आकार जमतो आणि खालचा चुकतो. शिवाय सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक. त्यामुळे धार लवकर जाते. ब्लेड बोथट झालं की माणूस आणखी रेटतो आणि ते आणखी वाकतं. भुशावरून ओळखा : दाणेदार भुसा पडतोय तोवर धार आहे, पिठासारखा पडू लागला, जळका वास आला, कापलेली कड काळी पडली की ब्लेड टाकून द्या. ते परत घासून लावण्यात अर्थ नाही.

आता प्लग काढा आणि तीन गोष्टी बघा. खालच्या पत्र्याच्या तळाला गुण्या लावून ब्लेड काटकोनात आहे का ते तपासा. तळाचा स्क्रू हादऱ्याने ढिला होतो, तो ॲलन चावीने आवळा. ब्लेडची पाठ मागच्या छोट्या रोलरच्या खाचेत टेकते का बघा. टेकत नसेल तर ब्लेड नीट बसलेलं नाही. रोलर फिरत नसेल तर भुसा झटकून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, डुगडुगत असेल तर बदला. तिसरं, ब्लेड कोणतं आहे? सरळ जाड कापाला टी-144-डी चालतं, पण त्याची रुंदी वळणात अडकते. जाड लाकडातल्या वळणाला टी-244-डी मागा, ते अरुंद असतं.

बैल कापताना बाजूचा 0 ते 3 आकड्यांचा खटका 0 वर ठेवा. 2-3 वर ब्लेड पुढेमागेही झुलतं. सरळ कापाला ते बरं, वळणाला नाही. चार पायांमधल्या कोपऱ्यांत आधी 10-12 मिलिमीटरची भोकं पाडा. मान आणि वशिंडापाशी फळीच्या कडेपासून रेघेपर्यंत दोन-तीन सरळ काप घ्या, म्हणजे टाकाऊ लाकूड तुकड्या-तुकड्यांनी सुटेल आणि ब्लेडला वळायला जागा मिळेल. रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून कापा, तेवढं कानशीने येतं. मशीनला पुढे ढकलू नका, फक्त वळण दाखवा.

फळी मात्र मोठीच ठेवा. बैलाच्या मापाचा तुकडा आधी पाडला तर धरायला जागा उरत नाही आणि हात ब्लेडच्या वाटेवर येतो. दोन क्लॅम्पांनी फळी टेबलाला बांधा, कापायची बाजू बाहेर काढा आणि फळीखाली हात कधीच नेऊ नका. खाली ब्लेडचं टोक सतत वरखाली होत असतं आणि वरून ते दिसत नाही. दुपट्टा काढून ठेवा, चष्मा लावा. सागाच्या भुशाने अंग खाजतं, श्वासाला त्रास होतो, म्हणून एन-95 मास्क लावा, रुमाल पुरत नाही. जुन्या घराच्या दारा-वाशाचं लाकूड असेल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. काप झाला की बटण सोडा आणि ब्लेड पूर्ण थांबल्यावरच मशीन उचला.

प्रश्न : दुपारी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. जिगसॉ घरघरते, आतून ठिणग्या दिसतात. वापरू की नको?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : मल्टिमीटरने मोजा. 200 च्या खाली असेल तर जाड लाकूड सकाळी किंवा रात्री कापा. व्होल्टेज कमी म्हणजे मोटर हळू, आणि तिला गार करणारा पंखा त्याच दांड्यावर असल्याने तोही हळू. त्यात तुम्ही रेटलं की करंट वाढतो आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळते. बारीक निळसर ठिणग्या चालतात. कॉम्युटेटरभोवती (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) नारिंगी कडं दिसू लागलं तर त्यावर घासणारे दोन कार्बन तपासा. 5-6 मिलिमीटर उरले असतील तर दोन्ही एकदम बदला आणि पहिली दहा मिनिटं मशीन रिकामी चालवा. हवेच्या फटी दर कामानंतर ब्रशने साफ करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : नुसत्या तारा सॉकेटमध्ये खुपसून काडी ठोकायची सवय सोडा. प्लग लावा, लांबून आणायचं तर 1.5 चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा, नाहीतर ती आतून तापते. बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असला, तर ब्लेडने स्वतःचीच वायर कापली तरी जीव वाचण्याची शक्यता राहते. वायर खांद्यावरून मागे टाकून काम केलं की ही वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : सनमायका लावलेल्या प्लायच्या कडा उडतात. ब्लेड तर नवं आहे.
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : साध्या ब्लेडचे दात वर तोंड करून असतात, ते वर जाताना कापतात, म्हणून चिंध्या वरच्या बाजूला होतात. चांगली बाजू खाली ठेवून मागून आखा. वरूनच कापणं भाग असेल तर उलट्या दातांचं टी-101-बीआर घ्या; ते मशीनला वर उचलतं, म्हणून तळ नीट दाबून धरा. रेघेवर चिकटपट्टी लावा, खटका 0 वर ठेवा.